मेडल घालायला पालकांनी वर यावं

मला लोक भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट शेड, त्यात गोल करवत, रंध्याचं मशीन आणि दोन कारागीर. करवत दिवसभर किंचाळत असते, तिच्यावर ओरडल्याशिवाय पलीकडच्या माणसाला 'फळी धर' एवढंसुद्धा ऐकू जात नाही. घरी जेवताना मीठ मागितलं तर शेजारी वाटी घेऊन येतील असा माझा आवाज. बायको म्हणते, उगाच करवतीवर ढकलू नका, मशीन घ्यायच्या आधीही तुम्ही असेच होता. असेन. जित्याची खोड.

आमची लेक हायस्कूलच्या फुटबॉल टीमची कॅप्टन. एकुलती एक. चणीनं लहान, पण मैदानात उतरली की मधला सगळा पट्टा तिचा. बॉल पायात आला की ती आधी मान वर करून बघते आणि मगच मारते. बाकीच्या पोरी आधी मारतात आणि मग बघतात. हे मला तिच्या सरांनी समजावून सांगितलं, त्याआधी मला वाटायचं ती घाबरून थांबते, म्हणून मी ओरडायचो, 'अगं मार ना, लोणचं घालतेस का त्याचं!' आजूबाजूचे पालक हसायचे. माणसाला हसणारी चार डोकी मिळाली की त्याची जीभ सैल सुटते. माझी तर आधीच सैल.

रेफरी म्हणजे माझा हक्काचा माणूस. आपल्या पोरींना फाउल दिला तर तो आंधळा, समोरच्यांना दिला तर त्याला उशिरा का होईना डोळे फुटले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बापांचा दुसरा धर्म नसतो. मी एकाला चष्म्याचं दुकान सांगितलं, एकाला म्हटलं, शिट्टी वाजवायला बायकोची परवानगी लागते का. पालकांचा कट्टा लोळायचा हसून. लेक तेव्हा मैदानातून माझ्याकडे बघायचीच नाही. मला वाटायचं, काय एकाग्र पोरगी आहे.

सेमीफायनलला रेफरी बाई होती. तरुण, उंच, केस घट्ट बांधलेले, पळायला पोरींच्या तोडीस तोड. शेवटी शेवटी आमच्या पोरींनी गोल मारला आणि बाईनं ऑफसाइड म्हणून तो रद्द केला. मी जिथं उभा होतो तिथून तो शंभर टक्के गोल होता. अर्थात मी जिथं उभा होतो तिथून सगळेच आमचे गोल असतात. माझं डोकं फिरलं. मी कुंपणाच्या आत, अगदी पांढऱ्या रेषेपर्यंत गेलो आणि बाईला ऐकवलं. भांडी घास जाऊन, असं काहीतरी. आणखीही थोडं बोललो. या वेळी कट्ट्यावर कुणी हसलं नाही, पण ते मला नंतर आठवलं.

बाईनं मॅच थांबवली. आमच्या लीगमध्ये मैदानावर पोलीस नाही की पहारेकरी नाही. शाळांची लीग ती, कोण देणार? त्यामुळे पूर्वीपासूनची पद्धत अशी की कुणी प्रेक्षक मर्यादा सोडून वागला तर रेफरी त्या टीमच्या कॅप्टनला बोलावतो, हा माणूस तुमचा का म्हणून विचारतो, आणि कॅप्टननंच जाऊन त्याला बाहेर काढायचं. तो गेल्याशिवाय मॅच पुढे सरकत नाही. बाईनं माझ्या लेकीला बोलावलं आणि माझ्याकडे हात केला.

लेक म्हणाली, "आमचे नाहीत, मॅडम. मी नाही ओळखत यांना."

मी रेषेवरच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. बाई म्हणाली, कुणाचे का असेनात, तू काढ बाहेर. मग ती मैदान ओलांडून माझ्यापर्यंत चालत आली. गुडघ्याला चिखल, दंडावर कॅप्टनची पट्टी. माझ्या छातीच्या बटणाकडे बघत म्हणाली, "काका, बाहेर चला. मॅच थांबलीय."

काका. जन्म दिलेल्या बापाला काका. क्षणभर मला काही कळेना, आणि मग डोक्यात उजेड पडला. अरे, नियम! आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना पाठ असलेला नियम असा की एखाद्या खेळाडूच्या पालकाला बाहेर काढलं तर त्या खेळाडूला पुढची मॅच बंद. पुढची मॅच म्हणजे फायनल. पोरीनं एका झटक्यात विचार केला आणि फायनल वाचवली! मी तिला डोळा मारला. तिनं उलट काही केलं नाही. मी मनात म्हटलं, बघ, नाटक किती पक्कं आहे. आणि मी 'बरं बरं ताई, जातो' असं म्हणत बाहेर गेलो आणि जाळीच्या पलीकडून उरलेली मॅच पाहिली. आम्ही जिंकलो.

हा किस्सा मी किती जणांना सांगितला असेल याला हिशोब नाही. कारागिरांना सांगितला, लाकूड आणून टाकणाऱ्या ड्रायव्हरला सांगितला, दार करून घ्यायला आलेल्या दंतवैद्याला माप घेता घेता सांगितला. पोरगी बापाला काका म्हणाली हो, काय डोकं! बापावर गेलीय. सांगताना मी काय ओरडलो होतो ते भांड्यांपाशीच आवरतं घ्यायचो. तिथंच लोकांना हसू यायचं, मग पुढचं कशाला.

घरी मात्र लेक त्या दिवसापासून गप्प गप्प होती. फायनलच्या आदल्या संध्याकाळी बूट पुसता पुसता म्हणाली, बाबा, उद्या नका येऊ. मला तेही पटलं. बाईनं मला ओळखलं तर सगळंच मुसळ केरात. मी म्हटलं, नाही येत बेटा, तू काळजी करू नकोस, आपली युक्ती आपल्यातच. ती बूट घेऊन आत गेली. फायनल मी कारखान्यात बसून ऐकली, बायकोनं मैदानावरून फोन चालू ठेवला होता. करवत बंद ठेवली होती. कप आमच्या शाळेला आला.

मग आला बक्षीस समारंभ. लीग संपली की सगळ्या शाळा एका हॉलमध्ये जमतात आणि वर्षातली मानाची बक्षिसं देतात. उत्कृष्ट गोलकीपर, उत्कृष्ट प्रशिक्षक आणि शेवटी उत्कृष्ट खेळाडू. उत्कृष्ट प्रशिक्षक कोण ते बाकीच्या शाळांचे प्रशिक्षक मिळून ठरवतात. खेळाडू मात्र रेफरी निवडतात, कारण वर्षभर सगळ्यांना जवळून तेच बघतात. आणि या शेवटच्या बक्षिसाची एक रीत आहे. मेडल पाहुणे घालत नाहीत. नाव पुकारलं की खेळाडू स्टेजवर जातो, ट्रॉफी घेतो, मग खाली उतरून आपल्या पालकांपैकी एकाला हाताला धरून वर नेतो आणि मेडल त्या पालकानं त्याच्या गळ्यात घालायचं.

दरवर्षी मी तिसऱ्याच कुणाच्या बापाला ते करताना पाहिलं होतं. एकाच्या हातातून रिबनच सुटली, एकानं मेडल उलटं घातलं, एक जण पोरीला मिठी मारून असा रडला की माइकवाल्यानं माइक बंद केला. मी मागून ओरडायचो, 'अहो सोडा, गुदमरेल ती!' आणि घरी येताना गप्प असायचो. मला ते एकदा करायचं होतं. आयुष्यात लोकांच्या पोरींसाठी किती पलंग, किती कपाटं केली, माझ्या पोरीच्या गळ्यात माझ्या हातानं एक गोष्ट घालायची होती. बस. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

यंदा तिचंच नाव येणार हे सगळे बोलत होते. मी दाढी गुळगुळीत केली, केस कापून घेतले, नखांतला पॉलिशचा काळेपणा रॉकेलनं काढला. बायको म्हणाली, एवढं काय नटायचंय. मी म्हटलं, बाईनं ओळखू नये म्हणून. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आता काहीतरी बोलेल, पण निघायला उशीर होत होता.

दुपारची वेळ होती. हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, पंख्यांची घरघर, पुढे शाळाशाळांच्या टी-शर्टांचे पट्टे. लेक टीमबरोबर पुढे बसली होती. आम्ही दोघं मधल्या वाटेच्या कडेला. स्टेजवर एका बाजूला रेफरींची रांग होती आणि त्यात ती बाई होती, साध्या पोशाखात, मांडीवर हात ठेवून बसलेली.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आमच्या टीमचे सर भेटायला आले. सर भूगोल शिकवतात. काटकुळे आहेत आणि इतकं हळू बोलतात की पोरी त्यांचं ऐकायला पळत जवळ येतात. मी त्यांना म्हटलं, सर, आता कप आलाय, आता सांगायला हरकत नाही. आणि सगळा किस्सा रंगवून सांगितला. नियम, काका, डोळा मारणं, सगळं. सर हसतील म्हणून थांबलो.

सर हसले नाहीत. त्यांना वाटलं असणार की मला खरंच माहिती हवी आहे. म्हणाले, "असा काही नियम नाही हो. पालकाला बाहेर काढतात, तेवढंच. खेळाडूला काही होत नाही. तुमच्या मुलीला तर नियम पाठ आहेत, मीच कॅप्टनांची परीक्षा घेतो."

मी म्हटलं, मग ती तसं का म्हणाली?

सरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, आलोच म्हणाले आणि पुढच्या रांगेकडे गेले. मी बायकोकडे वळलो. ती समोर बघत होती. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कधीतरी कळेल. त्या दिवशी ती घरी येऊन नळ सोडून रडत होती. काय झालं ते मला सांगेना, तुम्ही काय बोललात तेही सांगेना. एवढंच म्हणाली, आई, मला ते माझे बाबा आहेत असं सांगायची लाज वाटली."

माझ्या कानात करवत सुरू झाल्यासारखं झालं. वास्तविक हॉलमध्ये कुणीतरी स्वागताचं भाषण करत होतं. मी आपला समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसलो. मला त्या सगळ्यांचे चेहरे आठवायला लागले. कारागीर, ड्रायव्हर, तो दंतवैद्य. त्याची तर वयात आलेली मुलगी आहे, तो माप होईपर्यंत ऐकत राहिला आणि मग म्हणाला होता, हं. मी त्या 'हं'ला शाबासकी समजलो होतो. माझ्याच लेकीनं मला नाकारलं त्याची गोष्ट मी गावभर नाचत सांगितली होती. असं वाटलं, उठावं आणि तडक घरी जावं. पण मग वाटलं, नाव पुकारलं आणि ती न्यायला आली तर? लाज होती हो, पण आशा तिच्याही वर चढून बसली होती. किती निर्लज्ज असावं माणसानं.

उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून आमच्या सरांचं नाव आलं. सगळा हॉल उभा राहिला. सर वर गेले आणि माइकसमोर इतकं हळू काहीतरी बोलले की मागे कुणाला काही कळलं नाही, तरी लोक टाळ्या वाजवत राहिले. मीही वाजवल्या. एरवी मी शिट्टी मारली असती.

मग उत्कृष्ट खेळाडू. आमच्या लेकीचं नाव. पुढच्या रांगेतल्या पोरींनी तिला ढकलतच स्टेजवर चढवलं. तिनं ट्रॉफी घेतली, सगळ्या रेफरींशी हात मिळवले. त्या बाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि दोघी काहीतरी बोलून हसल्या. निवेदक म्हणाला, आता आपल्या रितीप्रमाणे, मेडल घालायला पालकांनी वर यावं.

लेक ट्रॉफी टेबलावर ठेवून पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेनं आमच्याकडे यायला लागली. लोक माना वळवून बघत होते. माझे पाय आपोआप उभे राहायला लागले, मी खुर्चीचा हात धरून अर्धा उठलोसुद्धा. ती आमच्या रांगेपाशी थांबली. तिचे डोळे भरलेले होते. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "आई, चल."

मग माझ्याकडे वाकून, फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "राग मानू नका बाबा. मॅडम आहेत तिथं."

मी बसलो. मागच्या खुर्चीवरच्या माणसानं विचारलं, तुम्ही वडील ना? मी हो म्हटलं की नाही म्हटलं ते मला आता सांगता येणार नाही. बायको पर्स माझ्या मांडीवर टाकून गेली होती, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बायकोनं मेडल व्यवस्थित घातलं. रिबन सरळ केली, लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. फोटोवाल्यानं फोटो काढला. मी इतकी वर्षं त्या जागी स्वतःला बघत आलो होतो, आणि आता मला तिथं स्वतःला उभं करून बघायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

समारंभानंतर हॉलच्या मागे चहा होता. पोरी फोटो काढत होत्या. आम्ही तिघं एका खांबाशी उभे होतो. तेवढ्यात ती रेफरी बाई कप हातात घेऊन आमच्याकडेच आली. मी नजर चहात बुडवली. बाईनं बायकोचं अभिनंदन केलं, तुमची मुलगी रेफरीशी कधी वाद घालत नाही, पण चुकलं की नेमकं सांगते, असं काही म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून अगदी मोकळेपणानं विचारलं, "तुम्ही बाबा ना? तुम्ही का नाही आलात वर?"

बाईनं मला ओळखलंच नव्हतं. मी सुटलो होतो. नुसतं हसून मान हलवायची होती, की झालं.

लेक पटकन म्हणाली, "मॅडम, बाबांचा गुडघा धरलाय, त्यांना पायऱ्या..."

ती पुन्हा खोटं बोलत होती. माझ्यासाठी. सगळ्या रेफरींनी मिळून जिला खरी खेळाडू म्हणून निवडलं, ती पोर गळ्यात मेडल घालून त्याच रेफरीशी माझ्यापायी खोटं बोलत होती, आणि बोलताना मानेपर्यंत लाल झाली होती. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "गुडघ्याला काही झालेलं नाही, बाई. सेमीफायनलला तुमच्यावर जो माणूस ओरडला आणि मॅच थांबली, तो मी."

बाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला आठवेना. वैतागून नाही की टोमणा म्हणूनही नाही, खरोखर आठवत नव्हतं म्हणून तिनं विचारलं, "असं बऱ्याचदा होतं हो. काय म्हणाला होतात तुम्ही?"

आता ते सांगावं लागणार होतं. बायको बाजूला होती, तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. लेक बाजूला होती, तिनं ऐकलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी मध्ये येऊन विषय बदलेल म्हणून. कुणी आलं नाही. भांड्यांपाशी थांबावं असं एकदा मनात आलं, पण लेक माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "मी म्हणालो, भांडी घासायची सोडून तुला शिट्टी कुणी दिली गं. घरात कुणी विचारत नाही वाटतं, म्हणून दुसऱ्यांच्या पोरींमागे फुंकत फिरतेस."

ओरडताना ते वाक्य कधी संपलं ते कळलं नव्हतं. हळू बोलताना ते संपता संपेना. बायकोनं हातातला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मी माफ करा म्हटलं, पण ते इतकं घोगरं निघालं की मला पुन्हा म्हणावं लागलं.

बाई म्हणाली, "वाक्य लक्षात आहे माझ्या. माणूस लक्षात नव्हता." आणि तिची नजर माझ्यावरून लेकीवर गेली. मला कळलं की तिला आता दुसरंही काहीतरी आठवलंय. कॅप्टनला बोलावून तिनं जे विचारलं होतं ते, आणि कॅप्टननं जे उत्तर दिलं होतं ते. लेकीनं मान खाली घातली. मेडल काढून परत द्यायचं असल्यासारखा तिचा हात रिबनवर गेला होता.

बाईनं तो हात धरून खाली घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. नाही ओळखत म्हणून."

मी लेकीकडे पाहत होतो. ती आता 'नाही हो मॅडम' असं काहीतरी म्हणेल, बापाची बाजू एवढीशी तरी सावरेल, म्हणून वाट बघत होतो. तिनं डोळे पुसले आणि मान हलवून हो म्हटलं.